गरोदरपणातली लिव्हर फंक्शन टेस्ट: तपासणी उत्तम, शेजारी छापलेली मर्यादा चुकीची

गरोदर बाईने लिव्हर फंक्शन टेस्ट, म्हणजे रोजच्या बोलण्यातली एलएफटी, करून घ्यावी का? कारण असेल तर जरूर. रिपोर्टच्या उजव्या बाजूला छापलेल्या ‘नॉर्मल’ मर्यादेशी आकडे ताडून निष्कर्ष काढावा का? मुळीच नाही. बहुतेक रिपोर्टांवरची ती मर्यादा गरोदर नसलेल्या प्रौढांची असते. गरोदरपणात यकृताचं काम, त्यात येणारं रक्त, त्यात तयार होणारी प्रथिनं, सगळंच बदललेलं असतं. त्यामुळे निरोगी बाईच्या रिपोर्टवर दोन-तीन लाल खुणा उमटतात आणि जिला खरोखर धोका आहे तिच्या रिपोर्टवर कधीकधी एकही उमटत नाही. म्हणून गुण वेगवेगळे द्यावे लागतात: तपासणीला पाचपैकी साडेचार, रिपोर्टच्या मांडणीला पाचपैकी दोन.

पॅनेलमध्ये मिळतं ते असं: बिलिरुबिन (एकूण, डायरेक्ट, इनडायरेक्ट), एसजीओटी आणि एसजीपीटी (यकृताच्या पेशींतली एन्झाइम्स, काही रिपोर्टांवर एएसटी आणि एएलटी), अल्कलाइन फॉस्फटेज, एकूण प्रोटीन, अल्ब्युमिन, ग्लोब्युलिन आणि त्यांचं गुणोत्तर. काही ठिकाणी जीजीटी (यकृताचं आणखी एक एन्झाइम) आत असतं, काही ठिकाणी वेगळं मागावं लागतं. तीन ते पाच मिलिलिटर रक्त पुरतं, उपाशी राहण्याची सक्ती नाही, निकाल साधारण त्याच दिवशी येतो. एका सुईत इतकी माहिती देणाऱ्या तपासण्या थोड्याच आहेत.

आकड्यांकडे वळण्याआधी यकृताचं काय होतं ते पाहू, कारण रिपोर्टवरची जवळजवळ प्रत्येक फसवी खूण तिथूनच येते. गाभण उंदरीचं यकृत जवळपास दुप्पट होतं. पेशी फुगतात आणि नव्याही तयार होतात. पिल्लांचं दूध सुटलं की जास्तीच्या पेशी मरतात आणि यकृत पूर्ववत होतं. माणसांत असं घडत नाही, अशीच समजूत बराच काळ होती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी स्त्रियांची इमेजिंग तपासणी गरोदरपणाच्या सुरुवातीला, शेवटी आणि बाळाचं दूध सुटल्यावर केली गेली. बहुतेकींचं यकृत गरोदरपणात वाढलेलं दिसलं, नंतर ते मूळ आकाराला आलं, आणि या वाढीचा वजनवाढीशी संबंध नव्हता. बाळाला साखर पुरवायची असल्याने शेवटच्या तिमाहीत यकृताची ग्लुकोज तयार करण्याची क्षमता सुमारे ३० टक्क्यांनी वाढते. कोलेस्टेरॉल साधारण दीडपट होतं, ट्रायग्लिसराइड्स दोन-तीनपट. रक्तातला द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा, ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो आणि त्यात सगळं पातळ होतं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. यकृत वाढतं म्हणून ते पोटाला हाताने लागायला हवं असं नाही. उलट, वाढलेलं गर्भाशय त्याला वर आणि मागे, बरगड्यांच्या आत ढकलतं. तपासताना उजव्या बरगडीखाली यकृताची कड स्पष्ट लागत असेल तर ‘गरोदरपणात असं होतंच’ म्हणून सोडून देऊ नये. तळहात लाल होणं आणि छातीवर-मानेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल रेषा येणं, या एरवी यकृताच्या जुन्या आजाराच्या खुणा. गरोदरपणात मात्र इस्ट्रोजेनमुळे त्या निरोगी बायकांतही सर्रास दिसतात आणि प्रसूतीनंतर जातात. तेव्हा डोळ्यांना दिसणाऱ्या खुणाही इथे एरवीसारख्या वाचता येत नाहीत.

आता एकेक ओळ घेऊ.

सर्वांत जास्त घबराट पसरवणारी ओळ अल्कलाइन फॉस्फटेजची. एरवी १२० ते १३० युनिटच्या आत असणारा हा आकडा शेवटच्या तिमाहीत दोन ते चारपट होतो. छापील मर्यादेप्रमाणे तो ठळक लाल अक्षरांत ‘हाय’ म्हणून येतो आणि घरचे सगळे यकृत बिघडलं म्हणून धास्तावतात. हे जास्तीचं एन्झाइम यकृतातून आलेलंच नसतं. ते वारेतून येतं, थोडं हाडांतून. वारेतलं एन्झाइम उष्णतेला दाद देत नाही: ६५ अंश सेल्सिअसला तापवलं तरी टिकतं, हाडांतलं टिकत नाही. प्रयोगशाळेत दोघांना वेगळं करण्याची जुनी पद्धत यावरच आधारलेली आहे. पण एरवी ठीक असलेल्या बाईसाठी इतकं खोलात जायची गरज क्वचितच पडते. आकडा एकटाच वाढलेला असेल आणि खाज, कावीळ, पोटदुखी यांपैकी काही नसेल, तर ही ओळ बाजूला ठेवावी. प्रसूतीनंतरही तो काही आठवडे वरच राहतो, तेव्हा लगेच पुन्हा तपासून नवी काळजी ओढवून घेऊ नये. शेवटच्या तिमाहीत यकृताचं निदान करायला अल्कलाइन फॉस्फटेज जवळजवळ निरुपयोगी आहे. पॅनेलमध्ये ते येतं ते केवळ पॅनेल आधीपासून ठरलेलं आहे म्हणून.

अल्ब्युमिनचं उलट. छापील खालची मर्यादा बहुधा ३.५ ग्रॅम प्रति डेसिलिटर असते, आणि नवव्या महिन्यात ३ किंवा थोडं कमी येणं सामान्य आहे. प्लाझ्मा वाढल्याने ते पातळ झालेलं असतं. एकूण प्रोटीनही त्यामुळेच उतरतं आणि गुणोत्तराच्या ओळीवरही खूण येते. म्हणजे एकाच कारणाच्या तीन लाल खुणा. यावर ‘प्रोटीन कमी आहे, पावडर सुरू करा’ असा सल्ला देणं म्हणजे रिपोर्टवर इलाज करणं. अल्ब्युमिन फारच खाली गेलं असेल, तर आधी लघवीतून प्रोटीन जातंय का आणि रक्तदाब वाढलाय का ते पाहावं.

याचा औषधांवरही परिणाम होतो. अल्ब्युमिनला चिकटून फिरणाऱ्या फेनिटॉइनसारख्या औषधाची रक्तातली एकूण पातळी घसरलेली दिसते, पण काम करणारा मोकळा भाग तेवढा घसरलेला नसतो. अशा वेळी मोकळी पातळी मोजून मागावी.

आता सर्वांत महत्त्वाच्या ओळी: एसजीपीटी आणि एसजीओटी. रिपोर्टची खरी चूक इथे आहे, कारण इथे खूण येत नाही. निरोगी गरोदरपणात हे दोन्ही वाढत नाहीत, उलट थोडे खालीच राहतात. गरोदरपणासाठी वरची मर्यादा छापील मर्यादेपेक्षा साधारण २० टक्क्यांनी खाली धरावी लागते, एसजीपीटीसाठी ढोबळ मानाने ३० ते ३२. प्रयोगशाळेने ४५ किंवा ५५ छापलेलं असेल, तर ३४ व्या आठवड्यातलं ४४ निमूटपणे ‘नॉर्मल’ म्हणून निघून जातं. त्या बाईला डोकेदुखी आहे, रक्तदाब १४०/९० आहे, उजव्या बरगडीखाली दुखतंय, आणि रिपोर्ट मात्र स्वच्छ! प्री-एक्लॅम्प्सियाची, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून इतर अवयवांना धोका होणाऱ्या आजाराची, सुरुवात अशीच दिसू शकते. म्हणून या दोन ओळी स्वतः वाचाव्यात, खुणेची वाट पाहू नये. पहिल्या तिमाहीतला रिपोर्ट हाताशी असेल तर त्याच्याशी तुलना करावी. १४ वरून ४० वर गेलेला आकडा, कायम ४० असणाऱ्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त सांगतो.

आकडा किती आणि कोणत्या आठवड्यातला, यावर अर्थ ठरतो. पहिल्या तिमाहीत उलट्यांनी हैराण झालेल्या, दवाखान्यात भरती कराव्या लागलेल्या बायकांपैकी बऱ्याच जणींचे हे आकडे वाढतात, दोनशेपर्यंतही जातात, आणि उलट्या थांबून पोटात अन्न टिकू लागलं की उतरतात. हजाराच्या घरातला आकडा मात्र सहसा गरोदरपणाच्या स्वतःच्या आजाराचा नसतो. तिथे विषाणूची कावीळ किंवा औषधाची विषबाधा आधी शोधावी. हिपॅटायटिस ई शेवटच्या तिमाहीत जिवावर बेततो, तेव्हा अशा रिपोर्टवर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहायची नसते.

बिलिरुबिनची ओळ सरळ आहे. गरोदरपणात ते वाढत नाही, वाढलं तर कारण शोधावं. फक्त इनडायरेक्ट थोडं वर असेल तर गिल्बर्ट सिंड्रोम (जन्मजात, निरुपद्रवी) किंवा लाल पेशी फुटणं, डायरेक्ट वर असेल तर यकृत किंवा पित्तनलिका. जीजीटीही वाढत नाही, किंचित कमीच राहतं.

पॅनेलवरचा दुसरा आक्षेप नावाबद्दल आहे. नावात ‘फंक्शन’ असलं तरी एसजीपीटी-एसजीओटी यकृत काम किती करतंय ते सांगत नाहीत. पेशी फुटून आतलं किती बाहेर सांडलं, एवढंच ते सांगतात. गरोदरपणात यकृताच्या कामात जे मोठे बदल होतात ते या पॅनेलला दिसतही नाहीत. कॅफिन मोडणारं एन्झाइम मंदावतं, त्यामुळे शेवटच्या तिमाहीत एका कपाचं कॅफिन अंगात एरवीच्या दोन-तीनपट वेळ टिकतं. त्याउलट लॅमोट्रिजिन हे फिट्सचं औषध यकृत इतक्या वेगाने बाहेर टाकू लागतं की तोच डोस अपुरा पडून झटका येऊ शकतो. डोस वाढवावा लागतो, आणि प्रसूतीनंतर यकृताचा वेग दोन-तीन आठवड्यांत पूर्ववत होतो म्हणून तितक्याच तत्परतेने कमीही करावा लागतो. एलएफटी या सगळ्या काळात अगदी नॉर्मल असते.

कामाचा खरा अंदाज प्रोथ्रोम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ), फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) आणि रक्तातली साखर देतात, आणि या तिन्ही गोष्टी पॅनेलमध्ये नाहीत. यकृत वाईट अवस्थेत असल्याची शंका असेल तर त्या वेगळ्या लिहून घ्याव्या लागतात. फायब्रिनोजेनबद्दलही तोच इशारा. गरोदरपणात ते वाढून शेवटी ४०० ते ६०० मिलिग्रॅमपर्यंत जातं, तर छापील मर्यादा बहुधा २०० पासून सुरू होते. प्रसूतीच्या तोंडावर २१० आलं तर रिपोर्ट खूण करणार नाही, पण रक्तस्राव आवरायला तो आकडा कमी आहे.

तिसरी उणीव बाइल अ‍ॅसिडची, म्हणजे पित्तातल्या आम्लांची. अंगाला, विशेषतः तळहात-तळपायांना खाज, रात्री जास्त, आणि त्वचेवर पुरळ नाही (असलेच तर खाजवल्याचे ओरखडे). अशी तक्रार घेऊन आलेल्या बाईची फक्त एलएफटी केली तर काम अर्धवट राहतं. गरोदरपणातल्या पित्तरोधात, म्हणजे कोलेस्टेसिसमध्ये, एसजीपीटी नॉर्मल असू शकतं, बिलिरुबिन बहुधा नॉर्मलच असतं आणि जीजीटीही. म्हणजे ‘जीजीटी नॉर्मल, तेव्हा पित्ताचा त्रास नाही’ हा एरवीचा हिशोब इथे चालत नाही. टोटल बाइल अ‍ॅसिड वेगळं मागावं. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्सच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे उपाशी नसताना घेतलेल्या नमुन्यात १९ मायक्रोमोल प्रति लिटर किंवा जास्त आलं तर निदान पक्कं धरतात. १९ ते ३९ सौम्य, ४० ते ९९ मध्यम, १०० आणि पुढे तीव्र. पोटात बाळ दगावण्याचा धोका स्पष्टपणे वाढतो तो १०० च्या पुढे, आणि अशा वेळी ३५ ते ३६ आठवड्यांत प्रसूती करण्याचा विचार होतो. पहिला आकडा सौम्य आला तरी तपासणी पुन्हा करावी लागते, कारण तो आठवडाभरात चढू शकतो. खाज आधी सुरू होऊन आकडे मागाहून वाढतात असंही होतं, म्हणून खाज कायम असताना पहिला रिपोर्ट स्वच्छ आला तर विषय संपला असं समजू नये.

या तपासणीत एक खाचखळगा आहे. उपचारासाठी देतात ते अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिड स्वतःच एक बाइल अ‍ॅसिड आहे, आणि नेहमीच्या एन्झाइम पद्धतीत तेही मोजलं जातं. गोळ्या सुरू केल्यावर आकडा वाढला तर आजार वाढला की गोळी मोजली गेली, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. म्हणून पहिला नमुना गोळीच्या आधी घ्यावा आणि पुढच्या प्रत्येक फॉर्मवर औषधाचं नाव लिहावं. जेवणानंतर बाइल अ‍ॅसिड चढतं, तेव्हा दर वेळी जेवण आणि नमुना यांतलं अंतर साधारण सारखं ठेवावं, नाहीतर दोन आकड्यांची तुलना फोल ठरते.

नमुना घेण्यातल्या चुकाही कमी नाहीत. बारीक सुईतून जोराने ओढलेलं किंवा ट्यूब जोरजोरात हलवलेलं रक्त फुटतं. मग एसजीओटी आणि एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) खोटे वाढतात, एसजीपीटी मात्र फारसं हलत नाही. म्हणून एसजीओटी एकटंच वाढलेलं दिसलं की रिपोर्टखाली ‘नमुना हिमोलाइज्ड’ असा शेरा आहे का ते आधी पाहावं. हेल्प सिंड्रोममध्ये, म्हणजे प्री-एक्लॅम्प्सियाच्या एका गंभीर रूपात, शरीरातच लाल पेशी फुटतात, त्यामुळे हा फरक जिवाचा आहे: शंका असेल तर नमुना लगेच पुन्हा, सावकाश काढून घ्यावा. दंडाचा पट्टा मिनिटभराहून जास्त आवळून ठेवला तर प्रोटीन आणि अल्ब्युमिन खोटे वाढतात. उजेडात ठेवलेल्या नमुन्यातलं बिलिरुबिन उतरतं. प्रोथ्रोम्बिन टाइमच्या निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण असतं. खुणेपर्यंत ती भरली नाही तर रक्त गोठायला उशीर लागतोय असं खोटंच दिसतं. प्लेटलेट्सच्या ईडीटीए ट्यूबमध्ये कधीकधी त्यांचे पुंजके होऊन यंत्राची मोजणी कमी येते. अशा वेळी काचेवरचा स्मीअर पाहायला सांगावं.

हेल्पचा उल्लेख आलाच आहे तर त्याची ठरलेली मोजपट्टीही सांगायला हवी: प्लेटलेट्स एक लाखाखाली, एसजीओटी ७० किंवा वर, एलडीएच ६०० किंवा वर. यातली एकच ओळ एलएफटीमध्ये असते. म्हणून वीस आठवड्यांनंतर उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खड्ड्यात दुखणं, मळमळ, वाढलेला रक्तदाब यांपैकी काही असेल तर नुसती एलएफटी लिहिणं पुरेसं नाही. तिच्यासोबत सीबीसी, एलडीएच, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन एकाच वेळी जायला हवं. पोटातल्या त्या दुखण्याला अ‍ॅसिडिटी समजून नुसतं औषध देणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. आणि हा आजार प्रसूतीनंतरही, बहुधा पहिल्या ४८ तासांत, उद्भवू शकतो. बाळ सुखरूप झालं म्हणून बाळंतिणीची तक्रार मागे पडता कामा नये.

त्याहून दुर्मिळ, पण त्याहून गंभीर आजार म्हणजे गरोदरपणातलं तीव्र चरबीयुक्त यकृत. यात एसजीपीटी बहुधा काही शे युनिटांपर्यंतच वाढतं. पॅनेलकडे पाहून आजाराची खोली कळत नाही. ती कळते उतरलेली साखर, लांबलेला प्रोथ्रोम्बिन टाइम, चढलेलं क्रिएटिनिन आणि युरिक अ‍ॅसिड, उलट्या, वाढलेली तहान आणि बाईच्या वागण्यात येणारी सुस्ती किंवा गोंधळ यांवरून. शेवटच्या तिमाहीत नव्याने सुरू झालेल्या उलट्या म्हणजे पहिल्या तिमाहीतल्या उलट्यांचा दुसरा भाग नव्हे. त्यांची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी, आणि त्यात ग्लुकोमीटरवरची साखर सगळ्यात आधी, कारण तिचं उत्तर काही सेकंदांत मिळतं.

सोनोग्राफीबद्दल थोडक्यात: पित्ताशयातले खडे आणि पित्तनलिकेतला अडथळा दाखवायला उत्तम, कारण गरोदरपणात पित्ताशय सावकाश रिकामं होतं आणि खडे-गाळ साचणं सोपं जातं. यकृताचा आकार मोजायला मात्र ती फारशी भरवशाची नाही. श्वास, तिरकं झालेलं यकृत आणि मोजणारा हात, तिन्ही आकडा बदलतात. यकृताचा ताठरपणा मोजणारं फायब्रोस्कॅन शेवटच्या तिमाहीत निरोगी बाईतही वाढलेला आकडा दाखवू शकतं. तातडीचं कारण नसेल तर ते प्रसूतीनंतरवर ढकलावं.

मग एलएफटी कुणी करावी? कसलीही तक्रार नसलेल्या प्रत्येकीने दर महिन्याला करायची ही तपासणी नाही. जितक्या वेळा कराल तितक्या वेळा अल्कलाइन फॉस्फटेजची लाल खूण पाहाल. खाज, कावीळ, वाढलेला रक्तदाब, न थांबणाऱ्या उलट्या, उजव्या बाजूचं दुखणं, आधीच्या गरोदरपणातला पित्तरोध किंवा यकृताचा आधीपासूनचा आजार असेल तर करावीच. जोखीम असलेल्या बाईची एक तपासणी पहिल्या तिमाहीत करून ठेवली तर पुढे तुलनेला तोच आधार होतो. हिपॅटायटिस बी साठीची एचबीएसएजी तपासणी मात्र वेगळी आणि प्रत्येकीसाठी. ती एलएफटीत नसते आणि एलएफटी नॉर्मल असली तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. आईला लागण असेल तर बाळाला जन्मल्यावर काही तासांतच लस आणि इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं, तेव्हा हा रिपोर्ट प्रसूतीच्या आधीच हातात हवा.

फॉर्म भरताना आठवडे लिहा. ‘गरोदर’ एवढंच पुरत नाही, ‘३३ आठवडे’ असं लिहा आणि गरोदरपणाच्या मर्यादा छापून मिळतात का ते विचारा. काही प्रयोगशाळा त्या देतात, फक्त मागितल्याशिवाय नाही. पित्तरोध होऊन गेला असेल, तर प्रसूतीनंतर किमान चार आठवड्यांनी एलएफटी आणि बाइल अ‍ॅसिड पुन्हा करावं. तेव्हा खाज गेलेली आणि आकडे पूर्ववत आलेले असायला हवेत. तरीही ते वरच राहिले, तर कारण गरोदरपणात नव्हतं. मग बाईला यकृततज्ज्ञाकडे पाठवावं, सोबत आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावून द्यावेत.